बोईसरचे घर, तारापूरची अणुभट्टी आणि अणुविजेचा हिशेब

प्रश्न असा आहे. औद्योगिक वसाहतीत नोकरी लागलेल्या एका तरुण दांपत्याला बोईसरला घर घ्यायचे आहे. पदरी दोन लहान मुले आहेत. तारापूरचे अणुवीज केंद्र तिथून दहा-बारा किलोमीटरवर असल्यामुळे घरातील वडीलधारी मंडळी नको म्हणतात. अणुवीज खरोखर सुरक्षित असते का, फुकुशिमाला घडले ते इथे घडू शकते का, आणि सौर वीज इतकी स्वस्त झालेली असताना हा धोका पत्करावाच कशाला, असे त्यांनी विचारले आहे. माझी नोकरी अणुवीज केंद्रांच्या किरणोत्सर्ग-सुरक्षा विभागात झाली. त्यामुळे उत्तरात माझा कल दिसला तर तो जमेस धरूनच वाचावे.

आधी रोजच्या जगण्यापुरते पाहू. किरणोत्सर्गाची शरीराला मिळणारी मात्रा मिलिसिव्हर्ट या एककात मोजतात. बोलताना आम्ही तिला सरळ ‘डोस’ म्हणतो. जमीन, अन्न, घराच्या भिंती, हवेतील रेडॉन वायू आणि आकाशातून येणारे वैश्विक किरण यांतून जगातील माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. छातीचा एक सीटी स्कॅन केला की त्यात पाच ते सात मिलिसिव्हर्टची भर पडते. केंद्रामुळे आसपासच्या नागरिकाला मिळणाऱ्या मात्रेवर अणुऊर्जा नियामक मंडळाने वर्षाला १ मिलिसिव्हर्टची मर्यादा घातली आहे, आणि प्रत्यक्षातली मात्रा त्या मर्यादेच्या खूप खाली असते. केंद्रातील कामगारासाठी ही मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आहे, आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर जाता येत नाही. केरळमध्ये करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइट या किरणोत्सर्गी खनिजाने युक्त वाळूमुळे काही वस्त्यांत नैसर्गिक मात्राच जागतिक सरासरीच्या कित्येक पट आहे. तिथल्या लोकसंख्येचा दीर्घकाळ अभ्यास झाला आणि त्यात कर्करोगाचे वाढीव प्रमाण आढळले नाही. यावरून किरणोत्सर्ग निरुपद्रवी आहे असे मी म्हणत नाही. मोठी मात्रा अल्पावधीत मिळणे घातकच असते. मात्र बोईसरच्या घरात बसून तारापूरच्या भट्टीमुळे जे काही मिळेल, ते या नैसर्गिक चढउतारातच हरवून जाते.

‘हे आकडे तुम्हीच मोजता आणि तुम्हीच सांगता,’ असा आक्षेप यावर नेहमी घेतला जातो आणि तो रास्त आहे. प्रत्येक केंद्राशेजारी भाभा अणुसंशोधन केंद्राची पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा असते. तिथली माणसे गावातले दूध, भाजी, मासळी, विहिरीचे पाणी आणि समुद्रतळाचा गाळ यांचे नमुने नेतात, आणि हे काम भट्टी सुरू होण्याच्या आधीपासून चालू असते. प्रयोगशाळा सरकारीच आहे, हे खरे. पण उपकरणे किती संवेदनशील असतात याचा एक अनुभव सांगतो. एकदा आमचा एक फिटर रजेवरून परतला आणि आत शिरतानाच फाटकावरच्या मॉनिटरने गजर दिला. कपडे बदलले, आंघोळ घातली, तरी गजर थांबेना. चौकशीअंती कळले की रजेत त्याची हृदयाची थॅलियम स्ट्रेस टेस्ट झाली होती आणि औषध म्हणून टोचलेला किरणोत्सर्गी पदार्थ त्याच्या अंगातून पुरता गेलेला नव्हता. इस्पितळाने त्याला नेहमीप्रमाणे घरी सोडले होते. आम्ही मात्र कित्येक दिवस त्याला नियंत्रित क्षेत्रात पाऊल ठेवू दिले नाही. २००९ मध्ये कारवारजवळच्या कैगा केंद्रात कोणीतरी पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये भट्टीतले, ट्रिटियम (किरणोत्सर्गी हायड्रोजन) असलेले जड पाणी मिसळल्याचा प्रकार घडला, तोही कर्मचाऱ्यांच्या नेहमीच्या लघवी-तपासणीतूनच उघडकीस आला. सुरक्षेच्या दृष्टीने तो प्रकार लाजिरवाणा होता, पण मोजमापाची व्यवस्था झोपलेली नव्हती हेही त्यातून दिसले.

आता अपघाताकडे वळू, कारण खरी भीती त्याचीच आहे आणि ती अनाठायी नाही.

अणुभट्टी म्हणजे अणुबॉम्ब नव्हे. तिच्यातील इंधनाची रचनाच अशी असते की बॉम्बसारखा स्फोट होऊच शकत नाही. साखळी प्रक्रिया, म्हणजे युरेनियमचे अणू एकामागून एक फुटत जाणे, थांबवणे हेही अवघड काम नाही. तारापूरच्या ३ व ४ क्रमांकाच्या ५४० मेगावॉटच्या भट्ट्यांत त्यासाठी दोन स्वतंत्र व्यवस्था आहेत: एकीत कॅडमियमचे दांडे वरून खाली पडतात, तर दुसरीत गॅडोलिनियमचे द्रावण थेट जड पाण्यात सोडले जाते. दोन्हींपैकी एकीने काम केले तरी काही सेकंदांत भट्टी बंद होते. अडचण त्यानंतर सुरू होते. युरेनियमच्या विखंडनातून तयार झालेली मूलद्रव्ये भट्टी बंद झाल्यावरही क्षय पावत राहतात आणि उष्णता देत राहतात. बंद केल्याक्षणी ही उष्णता पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के असते, तासाभराने दीड टक्क्याच्या आसपास येते आणि दिवसाने साधारण अर्धा टक्का उरते. ५४० मेगावॉट विजेच्या भट्टीची औष्णिक शक्ती सुमारे १,७०० मेगावॉट असते. म्हणजे बंद पडून चोवीस तास उलटले तरी आत आठ-नऊ मेगावॉट उष्णता निर्माण होत असते आणि ती सतत बाहेर काढावी लागते. ती काढली नाही तर इंधनाच्या झिर्कोनियमच्या नळ्या तापतात, वाफेशी संयोग पावून हायड्रोजन तयार करतात आणि शेवटी इंधन वितळते.

म्हणून कोणत्याही भट्टीबद्दल विचारण्याचा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा: वीज पूर्ण गेली, डिझेल जनरेटरही गेले, तर ही उष्णता किती दिवस आणि कशाने काढणार? गणित केले तर आकडा फार भयंकर निघत नाही. एक दिवसानंतरची ती आठ-नऊ मेगावॉट उष्णता वाफेच्या रूपाने वाहून न्यायला तासाला साधारण तेरा-चौदा हजार लिटर पाणी पुरते, म्हणजे तुमच्या भागात उन्हाळ्यात फिरणारे दहा हजार लिटरचे दीड टँकर. मात्र ते पाणी वेळेवर, योग्य जागी आणि विजेविना पोहोचले पाहिजे. सुरक्षेचे सारे शास्त्र या एका वाक्याभोवती फिरते.

याची आपल्याकडची कसोटी ३१ मार्च १९९३ रोजी उत्तर प्रदेशातील नरोरा इथे लागली, आणि ती घटना लोकांना जितकी ठाऊक असायला हवी तितकी नाही. पहाटे पहिल्या युनिटच्या टर्बाइनची पाती तुटली, त्या हादऱ्याने जनरेटर थंड ठेवणारा हायड्रोजन निसटला, वंगणतेल पेटले आणि आग केबलींच्या मार्गाने पसरत गेली. मुख्य आणि पर्यायी अशा दोन्ही पुरवठ्यांच्या केबली पुरेशा वेगळ्या ठेवलेल्या नसल्यामुळे दोन्ही जळाल्या आणि केंद्र सुमारे सतरा तास विजेविना राहिले. नियंत्रण कक्षात धूर भरल्याने तो सोडावा लागला. भट्टी चालकांनी सुरुवातीलाच बंद केली होती, तरी ती पुन्हा जागी होऊ नये म्हणून काही जण बॅटरीच्या उजेडात वर चढले आणि बोरॉनचे द्रावण सोडणाऱ्या झडपा त्यांनी हाताने उघडल्या. अग्निशमनासाठी ठेवलेल्या डिझेल पंपांनी बाष्पजनित्रांना, म्हणजे भट्टीच्या उष्णतेने वाफ करणाऱ्या पात्रांना, पाणी पुरवले गेले. या प्रकारच्या भट्टीत बाष्पजनित्रे गाभ्यापेक्षा, म्हणजे इंधन असलेल्या भागापेक्षा, उंचावर असतात. त्यामुळे तापलेले पाणी आपोआप वर जाते आणि थंड झालेले खाली येते, आणि पंप बंद असतानाही गाभा थंड होत राहिला. किरणोत्सर्ग बाहेर गेला नाही. आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर ही घटना तिसऱ्या पातळीची ठरली. चेर्नोबिल आणि फुकुशिमा सातव्या, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीचे. आमच्या पिढीला केबली वेगळ्या ठेवण्याचे आणि आग अडवणाऱ्या भिंतींचे महत्त्व नरोराने शिकवले. मला या घटनेत आरेखनाची ताकद आणि व्यवस्थापनाचा ढिसाळपणा अशा दोन्ही गोष्टी सारख्याच ठळक दिसतात. कोणी यातली एकच सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

फुकुशिमातही ११ मार्च २०११ च्या भूकंपाने भट्ट्या व्यवस्थित बंद झाल्या होत्या. त्यानंतर आलेली त्सुनामीची लाट चौदा-पंधरा मीटरची होती, केंद्राने गृहीत धरलेली उंची मात्र सुमारे सहा मीटरांचीच होती, आणि डिझेल जनरेटर बहुतेक तळघरांत होते. सहाव्या युनिटचा हवेने थंड होणारा एकच जनरेटर उंचावर होता. तो वाचला आणि त्याच्यामुळे पाचवे व सहावे युनिट वाचले. भूकंपाच्या केंद्राला अधिक जवळ असलेले ओनागावा केंद्र मुळातच उंचावर बांधलेले होते, आणि तिथे तर आसपासच्या बेघर झालेल्या शेकडो लोकांनी केंद्राच्या आवारातच आसरा घेतला. आपल्याकडे २००४ च्या त्सुनामीत तमिळनाडूतील कल्पक्कम केंद्राच्या पंपघरात समुद्राचे पाणी शिरले. चालू असलेली भट्टी चालकांनी बंद केली आणि ती सुरक्षित राहिली, शेजारच्या वसाहतीत मात्र माणसे दगावली. अरबी समुद्रात मोठ्या त्सुनामीचा उगम मकरानच्या किनाऱ्याशी आहे. १९४५ मध्ये तिथल्या भूकंपाची लाट मुंबईपर्यंत आली होती, पण अंतर मोठे असल्याने ती येईपर्यंत तिची उंची बरीच कमी झालेली होती.

तरीही तारापूरविषयी बोलताना दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. ३ आणि ४ क्रमांकाच्या भट्ट्या जड पाण्याच्या, दुहेरी कंटेनमेंटच्या (किरणोत्सर्ग आत कोंडणाऱ्या दुहेरी कवचाच्या) आणि २००५-०६ मध्ये सुरू झालेल्या आहेत. १ आणि २ क्रमांकाच्या भट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने बांधलेल्या, १९६९ मध्ये सुरू झालेल्या उकळत्या पाण्याच्या भट्ट्या आहेत, म्हणजे फुकुशिमाच्या वंशातल्याच, त्याहूनही जुन्या. मूळच्या २१० मेगावॉटवरून त्या १६० मेगावॉटवर उतरवण्यात आल्या. विजेविना काही तास उष्णता काढून घेणारे कंडेन्सर त्यांत आहेत, आणि फुकुशिमानंतर बाहेरून पाणी जोडण्याची सोय व अन्य सुधारणाही हाती घेण्यात आल्या. २०२० मध्ये दुरुस्तीसाठी थांबवल्यावर त्या अनेक वर्षे बंदच होत्या. या जोडीने वर्षानुवर्षे देशातील सर्वांत स्वस्त अणुवीज दिली, याचा आम्हा सगळ्यांना अभिमान आहे. पण अभिमानापोटी अर्धशतक उलटलेल्या यंत्राचे आयुष्य वाढवत नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि आमच्यातील अनेकांना ते आवडत नाही.

समजा, अपघात झालाच, तर तुम्ही काय करावे? हे कोणी सहसा सांगत नाही, म्हणून थोडे थांबून सांगतो. केंद्राभोवतीच्या सोळा किलोमीटरच्या परिघासाठी जिल्हा प्रशासनाची आपत्कालीन योजना असते आणि बोईसर त्या परिघात येते. पहिली कृती म्हणजे घरात जाणे आणि दारे-खिडक्या लावून घेणे. लगेच गाडी काढून पळत सुटू नये. फुकुशिमात किरणोत्सर्गाच्या तीव्र मात्रेने कोणी दगावले नाही, आणि नंतर जपान सरकारने एका कामगाराचा कर्करोगाने झालेला मृत्यू त्याच्याशी जोडला. उलट त्या प्रांतात स्थलांतराच्या हालअपेष्टांशी निगडित मृत्यू दोन हजारांहून अधिक नोंदले गेले. इस्पितळांतील अंथरुणाला खिळलेली माणसे घाईघाईने हलवताना गेली, ती त्यांतलीच. दुसरी गोष्ट दुधाची. चेर्नोबिलमध्ये गवतावर पडलेले किरणोत्सर्गी आयोडीन गाईच्या दुधातून मुलांच्या कंठग्रंथीत (थायरॉइडमध्ये) गेले, आणि तेव्हा लहान असलेल्यांत २००५ पर्यंत थायरॉइड कर्करोगाचे सुमारे सहा हजार रुग्ण आढळले. त्यांतले बहुतेक बरे झाले, पण दूध वेळीच थांबवले असते तर बरेचसे टळले असते. म्हणून प्रशासनाने सांगेपर्यंत स्थानिक दूध आणि उघड्यावरची पालेभाजी मुलांना देऊ नये. स्थिर आयोडीनच्या गोळ्याही सांगितल्यावरच घ्याव्यात. त्या वेळेत घेतल्या तरच उपयोगी पडतात, आणि आयोडीनखेरीज दुसऱ्या कोणत्याही किरणोत्सर्गी पदार्थापासून त्या वाचवत नाहीत. आपल्या इमारतीचे निवारा-केंद्र कोणते आणि गोळ्यांचे वाटप कुठून होणार, हे तहसील कार्यालयात विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. उत्तर न मिळाल्यास लेखी विचारावे.

कचऱ्याचा प्रश्न मी थोडक्यात आटोपतो, कारण त्याविषयीची भीती त्याच्या आकारमानापेक्षा मोठी आहे. भारतात वापरलेल्या इंधनाची पुनर्प्रक्रिया होते, आणि उरलेला तीव्र किरणोत्सर्गी भाग बोरोसिलिकेट काचेत वितळवून पोलादी डब्यांत भरतात. तारापुरात हे काम चालते. सीझियम आणि स्ट्रॉन्शियमचे अर्धायुष्य सुमारे तीस वर्षांचे असल्याने काही शतकांत त्यांचा जोर संपतो. हजारो वर्षे टिकणाऱ्या भागासाठी खोल भूगर्भातील कायमचे कोठार लागते. फिनलंडने ते खडकात खोदले आहे, आपल्याकडे ते अजून नाही. ही उणीव आहे, पण तुमच्या घराच्या निर्णयाशी तिचा संबंध नाही.

मग एवढा खटाटोप कशासाठी? २२० मेगावॉटच्या देशी भट्टीतील इंधनाचा एक गुच्छ, आमच्या भाषेत बंडल, जेमतेम अर्धा मीटर लांब असतो आणि त्यातील युरेनियम ऑक्साइड सुमारे पंधरा किलो भरते. वापरण्याआधी तो हातमोजे घालून उचलता येतो. भट्टीतून बाहेर येईपर्यंत त्याने सहा-साडेसहा लाख युनिट वीज दिलेली असते, म्हणजे महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या पाचेकशे घरांची वर्षभराची वीज. तेवढ्यासाठी चारशे टनांहून अधिक कोळसा जाळावा लागतो, म्हणजे रेल्वेच्या सात-आठ वाघिणी, आणि भारतीय कोळशात तिसरा हिस्सा तरी राख असते. ती राख कुठे जाते हे चंद्रपूरच्या किंवा कोराडीच्या माणसाला विचारावे. खाणकाम, अपघात आणि हवेचे प्रदूषण हे सारे धरून दर अब्ज युनिटमागे होणाऱ्या मृत्यूंचे जे जागतिक अंदाज आहेत, त्यांत कोळसा अणुविजेच्या कित्येक शेकडो पट प्राणघातक ठरतो, आणि त्या अंदाजांत चेर्नोबिल व फुकुशिमाही मोजलेले आहेत. कार्बन उत्सर्जनाचेही तसेच. आंतरशासकीय हवामान समितीच्या २०१४ च्या अहवालात संपूर्ण आयुष्यचक्राचा मध्यांक अणुविजेसाठी युनिटला १२ ग्रॅम, तर कोळशासाठी ८२० ग्रॅम होता.

सौर विजेशी तुलना इतकी सरळ नाही. दिवसा सूर्य असताना सौर युनिट स्वस्त पडते आणि तिथे अणुविजेने स्पर्धा करू नये. पण संध्याकाळी सातला, पावसाळ्यातल्या आठवडाभराच्या मळभात, कारखान्यांच्या रात्रपाळीला वीज कुठून आणायची, हा प्रश्न उरतो. आज त्याचे उत्तर बहुतांशी कोळसाच आहे. अणुभट्टी रात्रंदिवस चालते. कैगाचे पहिले युनिट २०१८ च्या अखेरीपर्यंत सलग ९६२ दिवस न थांबता चालले आणि तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता. साठवणुकीच्या बॅटऱ्या स्वस्त होत आहेत आणि हा युक्तिवाद पुढे दुबळा होऊ शकेल, हे मी नाकारत नाही.

अणुविजेची खरी दुखरी बाजू माझ्या मते पैसा आणि वेळ ही आहे. जैतापूरला जिचे सहा नग बसवायचे ठरले होते, त्या फ्रेंच ईपीआर भट्टीची अवस्था पाहा: फिनलंडच्या ओल्किलुओतोत २००५ मध्ये काम सुरू झाले आणि नियमित वीज २०२३ मध्ये मिळाली, खुद्द फ्रान्समधील फ्लामाँव्हिलच्या भट्टीचे काम २००७ मध्ये सुरू होऊन ती २०२४ च्या डिसेंबरात वीजवाहिन्यांच्या जाळ्याला जोडली गेली, आणि ३.३ अब्ज युरोंचा अंदाज १३ अब्जांच्या वर गेला. आपली ७०० मेगावॉटची देशी भट्टी कमी खर्चाची आहे, तरी काकरापारच्या तिसऱ्या युनिटलाही काम सुरू झाल्यापासून व्यावसायिक उत्पादनापर्यंत बारा वर्षांहून अधिक लागली. जैतापूर प्रकल्पाजवळच्या माडबन आणि साखरी नाटे या गावांतील लोकांचा विरोध केवळ अज्ञानातून होता असे आमच्या क्षेत्रात सर्रास म्हटले जाते. ते मला पटत नाही. मच्छीमाराने कोमट पाण्याच्या विसर्गाने मासळी हलेल का असे विचारणे, किंवा कुठेही पुरती चाचणी न झालेली भट्टी आमच्याच दारात का असे विचारणे, यात अज्ञान कसले? तारापूरच्या ३ व ४ साठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवली गेली. त्यांच्या पुनर्वसनाच्या तक्रारी कोकणात सगळीकडे पोहोचल्या होत्या.

नियामकाचाही प्रश्न आहेच. १९८३ मध्ये स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ स्वतंत्र कायद्याने नव्हे, तर सरकारी आदेशाने जन्मले, आणि ज्या अणुऊर्जा आयोगाच्या छत्राखाली ते ठेवले गेले, त्याचे अध्यक्षपद अणुऊर्जा खात्याच्या सचिवांकडेच असे. २०१२ मध्ये महालेखापरीक्षकांनी यावर कडक ताशेरे ओढले, आणि त्याआधी मांडलेले स्वतंत्र प्राधिकरणाचे विधेयक व्यपगत झाले. मंडळातील माणसे कामात कसूर करत नाहीत, हे मी अनुभवाने सांगू शकतो. त्यांच्या तपासणीच्या आधी आमच्या झोपा उडत असत. पण लोकांचा विश्वास माणसांच्या सचोटीवर नव्हे, तर व्यवस्थेच्या रचनेवर बसतो.

आता तुमच्या घराविषयी. केवळ अणुवीज केंद्रामुळे बोईसर टाळावे असे मला वाटत नाही. माझी मुले असल्याच अंतरावर वाढली. मात्र तुमच्या वडीलधाऱ्यांची काळजी वेगळ्या कारणाने रास्त आहे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यांत स्फोट आणि आगी वारंवार झाल्या आहेत, आणि प्रदूषणाच्या बाबतीत देशातील सर्वांत वाईट औद्योगिक पट्ट्यांत तिचे नाव घेतले जाते. वसाहत शहराच्या पश्चिमेला आहे. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटला की तिथला वास कोणकोणत्या इमारतींपर्यंत येतो, हे घर पाहायला संध्याकाळी गेलात तर तुम्हालाच कळेल. बोअरवेलचे पाणी असेल तर व्यवहारापूर्वी ते प्रयोगशाळेत तपासून घ्या, आणि त्यात जड धातूंची चाचणी आवर्जून सांगा.